शाळेची हाक घरोघरी



दरवर्षी शिक्षणसंस्थेची स्मरणिका हाती पडली की आपण प्रथम काय पाहतो? गुणवंतांच्या यादीत आपल्या पाल्याचे नाव आहे की नाही ते! त्यानंतर छायाचित्रे चाळतो, एखादा लेख वाचतो आणि अंक कपाटात ठेवून देतो. चिटणिसांचा अहवाल आणि जमाखर्चाचे पत्रक ही पाने बहुधा न वाचताच राहतात. वास्तविक स्मरणिकेतील सर्वांत जुनी आणि सर्वांत मोलाची पाने तीच होत. ती छापण्याची प्रथा का पडली, शाळा आणि समाज यांच्यातील बोलणे कसे सुरू झाले आणि त्यात आपल्या नाशिकचा वाटा कोणता, हे आपणांपुढे मांडावे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

हल्ली ‘जनसंपर्क’ हा शब्द सर्वांच्या तोंडी आहे. निकाल लागले की चौकाचौकांत फलक झळकतात, वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती येतात. जनसंपर्क म्हणजे जाहिरात असा समज त्यामुळे दृढ झाला आहे. परंतु आपल्या प्रांतात ज्यांनी शाळा उभारल्या, त्यांच्यापाशी जाहिरातीला पैसा नव्हता. किंबहुना शाळेची फळी आणि खडू घेण्याइतकाही पैसा अनेकांपाशी नव्हता. तरीही त्यांनी लोकांचा विश्वास मिळविला. तो कसा मिळविला हे पाहण्यासाठी थोडे मागे जाऊ.

लोकांसमोर परीक्षा

१८५४ साली वुडचा खलिता आला आणि खाजगी शाळांना सरकारी अनुदान देण्याचे धोरण ठरले. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. कागदावर शिक्षणाचे दार उघडले. पण ते उघडल्याची वर्दी शेतकऱ्याच्या, विणकऱ्याच्या किंवा मजुराच्या घरी कोण देणार? सरकारचे हुकूम सरकारी गॅझेटात छापले जात. ज्याला अक्षरओळखच नाही त्याला त्याचा काय उपयोग?

ही अडचण सर्वांत आधी ओळखली ती पुण्याच्या जोतीराव फुल्यांनी. त्यांनी व सावित्रीबाईंनी मुलींसाठी शाळा काढल्या, तेव्हा समाजातून विरोध झाला, निंदा झाली. मुली शिकून बिघडतील असे लोक उघड बोलत. या निंदेला उत्तर म्हणून मुलींची परीक्षा बंद खोलीत न घेता लोकांसमोर घेण्यात आली. १८५३ च्या फेब्रुवारीत पुण्यात झालेल्या अशा परीक्षेला मोठी गर्दी लोटली होती आणि त्या काळच्या वृत्तपत्रांनी तिचा वृत्तान्त दिला. ज्या मुलीला काल कोणी ‘हिला शिकवून काय उपयोग?’ म्हणत होते, ती आज शेकडो लोकांदेखत वाचून दाखवीत होती. पुढे १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देतानाही जोतीरावांनी हेच गाऱ्हाणे मांडले की, शिक्षणावरचा पैसा वरच्या वर्गांपर्यंत पोचतो, खाली झिरपत नाही.

त्याच हंटर आयोगाने मुसलमानांच्या शिक्षणाचा स्वतंत्र विचार केला आणि सतरा शिफारशी केल्या. त्या चांगल्या होत्या. पण शिफारस आणि घर यांच्यामध्ये मोठे अंतर असते. ते अंतर कापण्याचे काम उत्तरेत एका माणसाने आधीच हाती घेतले होते.

अलीगढचा दरवेशी

सर सय्यद अहमद खान यांचे नाव आपणांपैकी बहुतेकांना ठाऊक आहे. त्यांनी कॉलेज काढले हे आपण मुलांना सांगतो. पण कॉलेजच्या आधी त्यांनी काय काय केले ते फारसे सांगत नाही. १८६४ साली त्यांनी सायंटिफिक सोसायटी स्थापन केली. १८६६ साली ‘अलीगढ इन्स्टिट्यूट गॅझेट’ हे पत्र उर्दू व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत सुरू केले, म्हणजे सरकारला लोकांचे म्हणणे कळावे आणि लोकांना सरकारचे. १८७० साली ‘तहजीबुल अखलाक’ हे मासिक काढले. अलीगढची शाळा सुरू झाली ती १८७५ साली आणि कॉलेजची कोनशिला बसली ती १८७७ च्या जानेवारीत. म्हणजे वर्तमानपत्र आधी, शाळा नंतर! लोकांचे मन तयार झाल्यावाचून इमारत उभी करून उपयोग नाही हे त्यांनी जाणले होते.

विरोध त्यांनाही झाला. त्यांच्याविरुद्ध फतवे निघाले, त्यांना नास्तिक ठरविण्यात आले. त्यांनी आपले म्हणणे छापून, भाषणे देऊन, गावोगाव फिरून मांडले. वर्गणीसाठी त्यांनी सोडत काढली, आपली पुस्तके विकली, एवढेच काय, अलीगढच्या प्रदर्शनात हा पांढऱ्या दाढीचा वृद्ध माणूस रंगमंचावरही उतरला. देणाऱ्यांची नावे कॉलेजच्या भिंतींवर दगडात कोरली गेली. ज्याने दिले त्याचे नाव सर्वांना दिसावे, आणि दिलेला पैसा कोठे गेला हेही त्याच भिंतीने सांगावे, असा हा उघडा हिशेबच होता.

१८८६ साली त्यांनी मुस्लिम शैक्षणिक परिषद सुरू केली. दरवर्षी निराळ्या शहरी अधिवेशन भरवायचे आणि तेथील समाजाला शिक्षणाचा विचार करायला लावायचे, अशी तिची पद्धत होती. १९०३ साली तिचे अधिवेशन मुंबईस भरले आणि न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी अध्यक्ष झाले. तय्यबजी हे काही केवळ सभेपुरते शिक्षणप्रेमी नव्हते. १८७४ साली त्यांनी, त्यांचे बंधू कमरुद्दीन आणि इतर सहकाऱ्यांनी मुंबईत अंजुमन-ए-इस्लाम स्थापन केली होती. या संस्थेची शाळा सुरू व्हायला १८८० साल उजाडले, आणि बोरीबंदर स्टेशनसमोरची आज दिसणारी भव्य वास्तू १८९३ साली पुरी झाली. स्थापनेपासून इमारतीपर्यंत एकोणीस वर्षे! या एकोणीस वर्षांत लोकांचा विश्वास टिकवून धरणे हेच खरे बांधकाम होते.

नाशिकचे वसतिगृह

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. नाशिक शहरात इंग्रजी शिक्षणाची सोय होती; पण निफाड, सिन्नर, दिंडोरी, बागलाण भागातील शेतकऱ्याच्या मुलाला ती दूरची होती. शाळा शहरात आणि मूल खेड्यात! शहरात राहायचे कोठे, जेवायचे कोठे, आणि तेथे आपल्या पोराला कोण विचारणार, हे बापापुढचे खरे प्रश्न. त्यांना उत्तर म्हणून १९१४ साली नाशिकमध्ये मराठा समाजातील कार्यकर्त्यांनी वसतिगृह सुरू केले. हेच पुढे उदाजी मराठा विद्यार्थी वसतिगृह म्हणून प्रसिद्धीस आले आणि त्यातूनच आजची मराठा विद्या प्रसारक समाज ही संस्था वाढली. कर्मवीर रावसाहेब थोरात, गणपतदादा मोरे, काकासाहेब वाघ, भाऊसाहेब हिरे अशी नावे त्या कार्याशी जोडलेली आहेत.

ज्या काळात हे कार्य उभे राहिले, त्या काळी सत्यशोधकी जलसे खेड्यापाड्यांत फिरत. ढोलकीच्या तालावर, सोप्या बोलीत, शिकण्याचे महत्त्व लोकांना सांगितले जाई. छापील माहितीपत्रक ज्याला वाचता येत नाही, त्याच्यासाठी जलसा हेच माहितीपत्रक होते. शेतकऱ्याला त्याच्या भाषेत, त्याच्या पारावर येऊन कोणीतरी सांगितले म्हणून त्याने पोराला शहरात पाठविले.

१९२० च्या एप्रिलमध्ये राजर्षी शाहू महाराज या वसतिगृहाच्या कोनशिला समारंभासाठी नाशिकला आले. महाराजांचा येथे आणखी एका कारणासाठी उल्लेख केला पाहिजे. त्यांनी कोल्हापुरात निरनिराळ्या जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृहे काढली, त्यांत मुसलमान विद्यार्थ्यांचेही होते. त्यासाठी १९०६ साली जी मोहमेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, तिचे अध्यक्षपद महाराजांनी स्वतः स्वीकारले. राजाने स्वतःचे नाव लावले की पालकाच्या मनातील निम्मी शंका आपोआप दूर होते. खुद्द महाराजच संस्थेचे अध्यक्ष आहेत हे कळल्यावर, मुलाला परक्या छपराखाली पाठवताना बापाला धीर आला असेल.

नाशिकच्या या संस्थेची आणखी एक गोष्ट पालकांनी लक्षात घेण्याजोगी आहे. तिचे हजारो सभासद आहेत, ते मतदान करून कार्यकारिणी निवडतात आणि वार्षिक सभेत तिला जाब विचारतात. निवडणुका म्हटल्या की चुरस आली, वादही आले. पण ज्या संस्थेला आपल्या सभासदांपुढे उभे राहून हिशेब द्यावा लागतो, तिला लोकांशी बोलणे टाळता येत नाही.

हिशेबाची वही

१९१८ साली गोखले एज्युकेशन सोसायटीची स्थापना झाली. तिने १९२४ साली नाशिकमध्ये सुरू केलेले महाविद्यालय हंसराज प्रागजी ठाकरसी यांच्या नावाने ओळखले जाते. एच. पी. टी. कॉलेज या नावामागे एका व्यापारी घराण्याचा दानधर्म आहे हे कित्येक विद्यार्थ्यांना ठाऊकही नसते. ठाकरसी घराण्याची आठवण निघाली की महर्षी धोंडो केशव कर्वे यांचीही निघते. १८९६ साली अनाथ बालिकाश्रमाची मंडळी स्थापन करणाऱ्या या गणिताच्या प्राध्यापकाने वर्षानुवर्षे दारोदार फिरून वर्गणी गोळा केली. मिळालेल्या पै-पैचा हिशेब ठेवायचा आणि तो लोकांपुढे मांडायचा, ही त्यांची शिस्त होती. १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ सुरू केले आणि १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी त्याला पंधरा लाख रुपयांची देणगी दिली. वीस-पंचवीस वर्षांच्या हिशेबाच्या वह्या कर्व्यांच्या पाठीशी होत्या, म्हणूनच एवढा मोठा विश्वास त्यांच्या वाट्याला आला. पुढे १९२९ ते १९३२ या काळात, सत्तरी ओलांडल्यावर, ते युरोप, अमेरिका, जपान आणि आफ्रिकेत आपल्या विद्यापीठाविषयी बोलत फिरले.

शिक्षणसंस्थेने लोकांकडे जाण्याची ही रीत केवळ आपल्याकडचीच आहे असे नाही. अमेरिकेतील हार्वर्ड कॉलेजसाठी १६४३ साली लंडनमध्ये एक पुस्तिका छापण्यात आली. तिच्यात तेथील शिक्षणाची माहिती देऊन लोकांकडे मदत मागितली होती. १९०० साली बोस्टन शहरात प्रसिद्धीचे काम करणारी एक कचेरी निघाली, तिच्या पहिल्या गिऱ्हाइकांतही हार्वर्डच होते! १९०६ साली आयव्ही ली या अमेरिकन गृहस्थाने जनसंपर्काची तत्त्वे जाहीर केली. लपवाछपवी न करता खरी माहिती तत्परतेने द्यावी, हे त्यांचे सार होते. आपल्या देशात या व्यवसायाची संघटना १९५८ साली स्थापन झाली. परंतु कर्व्यांची वही आणि सर सय्यदांची भिंत त्याहून कितीतरी जुनी, हे विसरता कामा नये.

शाळाच घरी आली

आतापर्यंत सांगितले ते मुलाला शाळेपर्यंत आणण्याविषयी. पण ज्याला शाळेपर्यंत येताच येत नाही त्याचे काय? कारखान्यात पाळी करणारा कामगार, मागावर बसणारा विणकर, लग्न होऊन सासरी गेलेली मुलगी, यांनी शिक्षणाची आशा सोडायची का?

इंग्लंडमध्ये या प्रश्नाचे उत्तर १९६९ साली सनद मिळालेल्या ओपन युनिव्हर्सिटीने दिले. १९७१ पासून तिचे पाठ बीबीसीच्या रेडिओ व टेलिव्हिजनवरून आणि टपालाने घरोघरी जाऊ लागले. भारतात पहिले मुक्त विद्यापीठ १९८२ साली हैदराबादला निघाले, १९८५ साली दिल्लीला इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आले, आणि १ जुलै १९८९ रोजी नाशिकमध्ये यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची स्थापना झाली. पुणे विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषविलेले डॉ. राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू. गंगापूर धरणाच्या परिसरातील या विद्यापीठाचे कार्यक्षेत्र संपूर्ण महाराष्ट्र आहे.

‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे या विद्यापीठाचे ब्रीदवाक्य. नाशिकच्या माणसाला गंगा म्हणजे गोदावरी. त्यामुळे या दोन शब्दांचा अर्थ येथे कोणाला समजावून सांगावा लागत नाही. अशा विद्यापीठात संवाद हा शिक्षणाचाच भाग असतो. पुस्तक असे लिहावे लागते की, समोर शिक्षक नसताना ते वाचकाशी बोलेल. मराठीतून सोपी पुस्तके, ध्वनिफिती, गावोगावची अभ्यासकेंद्रे आणि सुट्टीच्या दिवशीचे संपर्कवर्ग यांच्या आधारे लाखो विद्यार्थ्यांनी येथून शिक्षण घेतले. प्रारंभी लोकांच्या मनात शंका होती. ‘घरी बसून मिळालेली पदवी खरी का?’ असे विचारले जाई. त्या शंकेला खरे उत्तर दिले ते पदवी घेऊन नोकरीत बढती मिळविणाऱ्या, स्पर्धा परीक्षांना बसणाऱ्या विद्यार्थ्यांनी.

माहिती पोचविण्याची साधने मात्र आपोआप टिकत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे. शालेय मुलांसाठी दूरदर्शनचे कार्यक्रम तयार करणारी ‘बालचित्रवाणी’ ही पुण्याची संस्था १९८४ साली सुरू झाली. एका पिढीला तिच्या कार्यक्रमांची गोडी लागली, आणि २०१७ साली ती बंद पडली.

माहिती न पोचण्याची किंमत

पालकहो, हा सारा इतिहास आपल्या समाजाच्या दृष्टीने आज का महत्त्वाचा आहे ते आता सांगतो.

न्यायमूर्ती राजिंदर सच्चर समितीचा अहवाल २००६ साली संसदेपुढे आला. २००१ च्या जनगणनेच्या आधारे त्यात दाखविले होते की, देशाची साक्षरता ६५.१ टक्के असताना मुसलमानांची ५९.१ टक्के होती. सहा ते चौदा वयाच्या मुस्लिम मुलांपैकी सुमारे २५ टक्के मुले एकतर शाळेत कधी गेलीच नव्हती किंवा शाळा सोडून बसली होती. मुस्लिम मुले मदरशातच शिकतात असा जो सार्वत्रिक समज होता, तो या अहवालाने खोटा ठरविला. मदरशात जाणारी मुले जेमतेम ३ टक्के होती. पाहा, एका समाजाविषयीचा गैरसमज दूर व्हायला आकड्यांचा अहवाल लागला. आपल्या संस्थांनी आपली माहिती वेळोवेळी, नीट आणि खरी प्रसिद्ध केली असती, तर असे समज इतके दिवस टिकले असते काय?

ती २५ टक्के मुले शाळेबाहेर राहिली त्याला गरिबी हे मोठे कारण आहे यात संशय नाही. परंतु गरिबीच्या जोडीला माहितीचा अभाव असला की नुकसान दुप्पट होते. २००८ साली केंद्र सरकारने अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी पहिली ते दहावीपर्यंतची शिष्यवृत्ती सुरू केली. २०२२-२३ पासून ती नववी व दहावीपुरतीच ठेवण्यात आली. हा बदल ज्या पालकांना कळला नाही, त्यांनी पाचवी-सहावीतल्या मुलासाठी दाखले गोळा करण्यात आपल्या रोजंदारीचे दिवस घालविले. आणि नववीतल्या ज्या मुलीचा अर्ज मुदतीत भरलाच गेला नाही, तिचे नुकसान कोणता फलक भरून देणार?

मालेगावच्या यंत्रमागावर रात्रपाळी करणाऱ्या बापाला शाळेची नोटीस वाचायला सवड नसते. जुन्या नाशकातल्या एखाद्या आईला उर्दू वाचता येते, पण मुलाच्या हाती आलेली चिठ्ठी मराठीत किंवा इंग्रजीत असते. तिला दोष देऊन काय होणार? सर सय्यदांनी १८६६ सालीच पत्र दोन भाषांत छापले होते. सूचना दोन भाषांत काढणे, मोहल्ल्यात जाऊन ती तोंडी सांगणे, आईशी बोलायला शिक्षिकेने जाणे, याला फारसा खर्च येत नाही. त्यासाठी आस्था लागते.

आपले काम

बोलणे दोन्ही बाजूंनी व्हावे लागते. शिक्षणहक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्यात असे सांगितले. अल्पसंख्याकांच्या अनुदानित शाळांत या समितीचे काम सल्ला देण्यापुरते आहे. पण चांगला सल्ला ऐकणारी संस्था अधिक मजबूत होते. बैठकीची नोटीस आली आणि आपण गेलोच नाही, तर पुढे ‘आम्हाला कोणी विचारत नाही’ म्हणण्याचा अधिकार आपणच गमावतो.

शाळेविषयी मत बनविताना पालकांनी फलकाच्या पुढे जाऊन काही साधे प्रश्न विचारावेत. शाळेत शिक्षक पुरेसे आहेत काय? पहिलीत आलेल्यांपैकी दहावीपर्यंत किती पोचले? सातवीनंतर किती मुलींची शाळा सुटली आणि शाळेतून कोणी त्यांच्या घरी चौकशीला गेले काय? गतवर्षीचा जमाखर्च पाहायला मिळेल काय? दहावीला शंभर टक्के निकालाचा डंका वाजत असेल, तर नववीत किती जणांना थांबविले, हेही विचारावे. ज्या संस्थेला या प्रश्नांची उत्तरे देताना संकोच वाटत नाही, ती संस्था आपली समजावी. जिच्यापाशी उत्तर नाही तिच्यावर रागावून बाजूला होण्यापेक्षा, पुढल्या बैठकीत तोच प्रश्न पुन्हा विचारावा.

आणि विद्यार्थी मित्रहो, आपणही शाळेचे दूतच आहात. आपल्या घरी शिष्यवृत्तीची मुदत, परीक्षेचे वेळापत्रक, वसतिगृहाची सोय यांची बातमी सर्वांत आधी आपणच नेता. आपल्या गल्लीत शाळा सोडून बसलेला एखादा मुलगा किंवा मुलगी असेल, तर मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्राचा पत्ता तिला सांगणे हे आपल्याला सहज जमण्यासारखे काम आहे. ज्यांच्या घरी कोणीच शिकलेले नाही, त्यांचा एखादा अर्ज वाचून दाखवा, भरून द्या. जलशांच्या काळी ढोलकी घेऊन फिरावे लागे. आज पंधरा मिनिटे शेजारच्या घरी बसले तरी पुरते.

या अंकाची पाने चाळून झाली की, एकदा अहवाल आणि जमाखर्चाची पाने जरूर वाचा. काही समजले नाही तर पदाधिकाऱ्यांना विचारा. असे विचारणारे पालक वाढले तर हिशेबाची पाने पुढल्या वर्षी अधिक स्पष्ट छापली जातील, आणि नववीतल्या कोण्या मुलीचा अर्ज मुदतीत भरला जाईल.